सात बाटल्या आणून झाल्या, आता साध्या पाण्यानेही चरचरतंय. माझी स्किन नक्की कसली?

चिमणी३१

खूप दिवस नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी स्किन नक्की कुठल्या प्रकारात बसते हे मला एकतिसाव्या वर्षी पण कळत नाहीये. दुपारपर्यंत कपाळ आणि नाक इतकं तेलकट होतं की चष्मा घसरत राहतो, दर पाच मिनिटांनी बोटाने वर ढकलायचा. आणि त्याच चेहऱ्यावर गाल मात्र ओढल्यासारखे, हसलं की ताण जाणवतो, नाकपुड्यांच्या बाजूला पांढरट सालं निघतात. एका ऑनलाइन क्विझने ऑइली सांगितलं, कॉस्मेटिकच्या काउंटरवरच्या मुलीने गालाला कसलंसं यंत्र टेकवून डिहायड्रेटेड म्हटलं, बहिणीचं म्हणणं सेन्सिटिव्ह. मी शहाणीने तिघांचंही ऐकलं.

म्हणजे आता बाथरूममध्ये ही मंडळी उभी आहेत: ऑइल कंट्रोलवाला फेसाळ फेसवॉश, ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर, १० टक्के नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३ चा प्रकार), व्हिटॅमिन सी, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), जेल मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सगळं सेलमध्ये एकदम घेतलं आणि घेतलंयच तर वापरूया म्हणून दहाबारा दिवसात सुरू पण केलं. पहिला आठवडा चेहरा मस्त गुळगुळीत वाटला, मी दोघीतिघींना सांगूनही टाकलं. मग एक दिवस सनस्क्रीन लावल्यावर डोळ्यातून पाणी, दुसऱ्या दिवशी मॉइश्चरायझरने आग, आणि परवा नुसत्या पाण्याने तोंड धुतलं तरी चरचरलं. शिवाय कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुरळ आलंय, लांबून दिसत नाही पण हात फिरवला की सँडपेपरसारखं लागतं.

आता यातलं ठेवू काय आणि टाकू काय? आणि तुम्ही लोक नवीन काही घेताना ठरवता कसं की हे आपल्याला चालेल? रिव्ह्यू वाचून डोकं फिरलंय, एकाच बाटलीखाली एक म्हणते आयुष्य बदललं आणि लगेच खालची म्हणते तोंड सुजलं.

खवचट

एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय.

शिव्या नंतर घालतो, आधी प्रश्न. दिवसातून किती वेळा तोंड धुतेस आणि पाणी कितपत गरम? पुरळाला खाज आहे का? आधी कधी असं झालंय का? प्रेग्नंट आहेस किंवा प्लॅन करतेयस का (असशील तर रेटिनॉल आजच बंद, त्यात चर्चा नाही)? आणि केसांचं काही नवीन केलंस का हल्लीत, हा प्रश्न उगाच नाहीये, उत्तर दे.

प्राजक्त

अगं थांबवू नकोस! हे पर्जिंग असतं, आतली घाण बाहेर येते, मला पण रेटिनॉलने पहिला दीड महिना भयंकर पिंपल आले होते आणि मग चेहरा एकदम क्लिअर झाला. थोडं झोंबतंय म्हणजे काम करतंय. धीर धर.

खवचट

प्राजक्त, पर्जिंग असतं हे खरं पण त्याचं नाव घेऊन लोक काहीही सहन करतात म्हणून सांगतो. रेटिनॉल किंवा ॲसिडसारखं काही, ज्याने पेशी बदलायचा वेग वाढतो, त्यानेच ते होतं, कारण आत जे आधीच तुंबलेलं असतं ते लवकर वर येतं. म्हणजे पिंपल येतात ते नेहमीच्या जागी, आणि दीडदोन महिन्यात कमी व्हायला लागतात. मॉइश्चरायझरने पर्जिंग होत नाही, सनस्क्रीनने तर नाहीच. आणि पाण्याने चरचरणं हे कुठल्याच हिशेबात पर्जिंग नाही. झोंबतंय म्हणजे काम करतंय हे तर कोणी सुरू केलं देव जाणे, झोंबतंय म्हणजे झोंबतंय.

चिमणी३१

उत्तरं. तोंड तीनदा धुते, तेलकट वाटलं तर चारदा, पाणी बऱ्यापैकी गरम असतं, शॉवरमध्येच उरकते ना. पुरळाला खाज नाही फारशी. आधी असं कधीच नाही. प्रेग्नंट नाही.

केसांचं... हो, महिन्याभरापूर्वी फ्रिंज कापली. बटा बसत नाहीत म्हणून हेअर सीरम लावते त्यावर. त्याचा काय संबंध?

आणि अजून एक, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक ट्यूब आहे, ती म्हणते दोन दिवसात लाली गायब होते आणि रंग पण उजळतो. ती लावून बघू का तोवर?

खवचट

संबंध काय म्हणे. सीरम लावलेल्या बटा दिवसभर कपाळावर लोळतायत, खाली पोअर, म्हणजे कातडीची बारीक छिद्रं, तुंबतायत, आणि उपाय म्हणून तू गालावर ॲसिड ओततेयस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. केसांना लावायच्या तेलकट, मेणचट गोष्टींनी केसांच्या कडेला असंच बारीक पुरळ येतं. फ्रिंज क्लिप लावून वर घे, सीरम बंद कर, केसांना कंडिशनर लावलास की तोंड सगळ्यात शेवटी धू. उशीचा अभ्रा पण बदल, त्यावर महिन्याभराचं सीरम बसलेलं असेल.

ट्यूबबद्दल दुसऱ्या कोणाला तरी बोलू दे, मी बोललो तर मॉडरेटर उडवतील.

गोळीवाला

मी बोलतो. औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून बरीच वर्षं झाली. दोन दिवसात लाली जाते आणि रंग उजळतो अशी ट्यूब म्हटली की माझा पहिला संशय स्टेरॉइड. मैत्रिणीला ट्यूबच्या मागचं बारीक छापलेलं वाचायला सांग, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही आहे का बघ. बऱ्याचदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं) आणि ट्रेटिनॉइन (रेटिनॉलचाच जास्त कडक भाऊ) पण असतं. ही औषधं वाईट नाहीत, डॉक्टरने ठराविक दिवसांसाठी दिली तर उत्तम काम करतात. पण रोजचं फेअरनेस क्रीम म्हणून महिनोन्महिने चोळली की कातडी पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, लव वाढते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बंद केलं की चेहरा असा पेटतो की माणूस घाबरून परत लावतो.

माझ्याच घरात झालंय हे. चुलतबहिणीला कोणीतरी दिली, तिने आठ महिने लावली, मी दुकानात आणि मला पत्ता नाही. तिला उन्हात दोन मिनिटं उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरकडे नेलं, सावरायला वर्षाच्या वर गेलं. तुझी मैत्रीण बरेच दिवस लावत असेल तर तिला पण सांग, एकदम बंद करू नको, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखव.

निवांत

चिमणी, प्रकाराचं आत्ता सोडूनच दे. आत्ता दिसतेय ती सात बाटल्या आणि गरम पाणी खाल्लेली स्किन आहे, मूळची कशी ते ती शांत झाल्यावर कळेल.

झालंय काय ते सांगते म्हणजे पुढचं पटेल. स्किनचा अगदी वरचा जो थर असतो, मेलेल्या पेशींचा, त्यात पेशींच्या फटींमध्ये एक स्निग्ध सारण भरलेलं असतं, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचं. हे सारण आतलं पाणी धरून ठेवतं आणि बाहेरचं काही आत घुसू देत नाही. वरच्या थराचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूला असतो, आणि अंगाच्या साबणाचा असतो ९ ते १०. तू दिवसातून तीनचारदा गरम पाणी आणि कडक फेसवॉशने ते सारण धुवून काढलंस, वरून ग्लायकोलिकने अजून खरवडलंस, मग व्हिटॅमिन सी, जे स्वतःच आम्ल, आणि रात्री रेटिनॉल. आता फटी उघड्या आहेत, म्हणून आतलं पाणी उडून गाल ओढले जातायत आणि लावशील ते आत जाऊन झोंबतंय. तेल मात्र खालच्या ग्रंथी बनवतात, त्यांचं चालूच, त्यामुळे वरून तेलकट आणि आतून कोरडं हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. क्विझ आणि काउंटरवाली, दोघी आपापल्या जागी अर्ध्या बरोबर होत्या.

आता चार आठवडे फक्त तीन गोष्टी. रात्री फेस न होणारा किंवा अगदी कमी फेसाचा सौम्य क्लीन्झर, कोमट पाण्यात, बोटांच्या टोकांनी, अर्धा मिनिट, बास. सकाळी नुसतं पाणी. दोन्ही वेळा चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, त्यात ग्लिसरीन आणि सिरॅमाइड असेल तर उत्तम, सुगंध नको. जेल सध्या बाजूला ठेव, क्रीम घे. नाकाच्या बाजूला सालं निघतायत तिथे रात्री साधी पेट्रोलियम जेली मुगाच्या दाण्याएवढी. आणि सकाळी सनस्क्रीन. फेसाळ फेसवॉश आणि बाकी चार बाटल्या डब्यात, डबा कपाटात वर.

चेहरा शांत झाला की मग खरी परीक्षा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तोंड धू, टिपून घे आणि तास दीड तास काही म्हणजे काही लावू नको. मग खिडकीच्या उजेडात बघ आणि टिश्यू पेपर कपाळ, नाक, गाल, हनुवटी असा वेगवेगळा दाबून बघ. सगळीकडे तेलाचा डाग उमटला तर ऑइली, कुठेच नाही आणि ओढतंय तर ड्राय, कपाळ नाकावर उमटला आणि गालावर नाही तर कॉम्बिनेशन. सेन्सिटिव्ह हा खरं तर वेगळाच मुद्दा आहे, ऑइली माणूस पण सेन्सिटिव्ह असू शकतो. माझा अंदाज तुझं कॉम्बिनेशनच निघेल. तसं निघालं तर गालांना क्रीम आणि कपाळाला जेल लाव, अख्ख्या तोंडाला एकच काहीतरी लावायचं असा नियम कुठे आहे.

पुढे एकेक वाढव, आणि वाढवताना प्रकार बघू नकोस, तक्रार बघ. ब्लॅकहेड आणि बंद पोअर असतील तर सॅलिसिलिक ॲसिड, तेलात विरघळतं म्हणून पोअरच्या आत पोचतं, अर्धा ते २ टक्के पुरे, तेही सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पिंपल गेल्यावर राहणारे डाग असतील तर नायसिनमाइड किंवा अझेलिक ॲसिड. तू १० टक्के घेतलंस ना, नायसिनमाइड २ ते ५ टक्क्यातच काम करतं, १० ने उलट काहींची आग होते. तक्रारच नसेल तर काही वाढवू नकोस!!

लिंबोणी

निवांतने सगळं छान सांगितलंय, माझी फक्त एक भर. प्रकार एकदा कळला म्हणजे जन्माचा कळला असं नसतं गं. मी तरुणपणी तुझ्यासारखीच, नाकावर तेलाचा दिवा. पाळी जायच्या सुमाराला दोन वर्षांत चेहरा असा कोरडा पडला की वीस वर्षं लावत असलेलं लोशन पाण्यासारखं वाटायला लागलं. मी त्या लोशनलाच दोष देत बसले, म्हटलं कंपनीने माल बदलला. मुलगी म्हणाली आई माल तोच आहे, तू बदललीस. आता जाडसर क्रीम लावते आणि फेसवॉश एकदाच, रात्री.

प्राजक्त

ओके माझं पर्जिंगचं चुकलं, मान्य. पण मग सनस्क्रीन तरी का लावायचं तिने, त्यानेच तर आग होतेय? काही दिवस नाही लावलं तर काय बिघडतं, आणि तसंही मेकअपमध्ये असतंच की एसपीएफ.

निवांत

बिघडतं ना. आत्ता जिथे जिथे लाल झालंय तिथे बरं होताना डाग राहू शकतो, सावळ्या रंगावर तर जास्तच, आणि ऊन लागलं की तो डाग महिनोन्महिने जात नाही. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक नुकतंच बंद केलंय म्हणजे ऊन अजून जास्त लागणार.

आग होत असेल तर सनस्क्रीन बदलून बघायचं, झिंक ऑक्साइडवालं मिनरल बहुतेकांना कमी झोंबतं, डोळ्यांभोवती तर नक्कीच. पांढरट दिसतं ही त्याची कटकट, त्यावर टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं घे, त्यातल्या आयर्न ऑक्साइडने नुसत्या उजेडाने काळवंडणारे डाग पण थोडे आटोक्यात राहतात. तेही झोंबलं तर आठवडाभर टोपी, छत्री आणि सावली.

मेकअपमधला एसपीएफ मोजला जातो दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन. तेवढं फाउंडेशन थापलंस तर ऑफिसात ओळखणार नाहीत. सनस्क्रीन दोन बोटांवर लांब रेघ ओढून घ्यायचं, चेहरा आणि मान. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले कातडी भाजणारे किरण, ९७ टक्के अडतात, ५० ने ९८, म्हणजे आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पुरेसं लावणं आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत लावणं महत्त्वाचं. एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतो, यूव्हीएसाठी, म्हणजे खोल जाऊन काळवंडवणाऱ्या किरणांसाठी, ब्रॉड स्पेक्ट्रम किंवा पीए आणि पुढे किती प्लस ते बघायचं.

खवचट

विकत घेताना कसं ठरवायचं हा तिचा दुसरा प्रश्न सगळे विसरले.

बाटलीची पुढची बाजू वाचायचीच नाही. हायपोॲलर्जेनिक, डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड, नॉन कॉमेडोजेनिक (म्हणे पोअर तुंबवत नाही), यांना सगळीकडे लागू होईल अशी एकच पक्की व्याख्या नाही, कंपनी म्हणेल ते. अनसेंटेड म्हणजे सुद्धा सुगंध नाही असं नव्हे, वास झाकायला वास घातलेला असू शकतो, फ्रॅगरन्स फ्री लिहिलेलं बघ. आणि नॅचरल म्हणजे सौम्य हे तर डोक्यातून काढूनच टाक. लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या सालीच्या तेलात असतात ते लिनालूल, लिमोनीन, हवा लागली की त्यांचं जे बनतं त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते.

बाटली उलटी कर. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, पण १ टक्क्याच्या खाली गेलं की क्रम कसाही चालतो. एक युक्ती: फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह शोध, ते सहसा १ टक्क्याच्या आतच वापरतात, म्हणजे त्याच्या नंतर जे काही भारीभारी लिहिलंय ते नावालाच असण्याची शक्यता जास्त. अर्थात काही गोष्टी कमी प्रमाणातच काम करतात, रेटिनॉल त्यातलंच, तेव्हा त्यावरून भांडायला येऊ नका. उघड्या डबीच्या चित्रावर ६ किंवा १२ लिहिलेलं असतं ते उघडल्यापासूनचे महिने. व्हिटॅमिन सी गडद तपकिरी झालं की फेकायचं.

आणि घरी आणलं की थेट तोंडाला नाही. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस. लोक एक रात्र लावून बघतात आणि चालतंय म्हणतात, ॲलर्जी कधीकधी दोनतीन दिवसांनी उठते. फेसवॉश आणि ॲसिडला हे तसंच करू नको, ती जेवढा वेळ लावायची तेवढाच वेळ लावून धुवायची. छोटी बाटली घे. सेल लागला की फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

चिमणी३१

सात आठवड्यांनी येतेय, सॉरी, पण तुम्हीच म्हणालात धीर धर.

ट्यूबवर मोमेटासोन निघालं. मैत्रीण पाच महिने लावत होती, मला म्हणाली तू उगाच घाबरवतेस, मग चार दिवसांनी स्वतःच डॉक्टरकडे गेली. गोळीवाला, तिने थँक्यू सांगितलंय.

माझं: पाण्याने चरचरणं सातव्या आठव्या दिवशीच थांबलं, सालं जायला तीन आठवडे लागले. मधे एकदा मोह होऊन टोनर लावला, गाल परत लाल, परत चार दिवस मागे. टिश्यूचा प्रयोग केला, कपाळ आणि नाकावर स्पष्ट डाग, गालाचा कागद कोरा, म्हणजे निवांत बरोबर. आणि गंमत म्हणजे तोंड एकदाच धुवायला लागल्यापासून दुपारी चष्मा घसरणं पण कमी झालंय, बंद नाही झालं पण रुमाल काढावा लागत नाही.

सॅलिसिलिकची कोपरावरची परीक्षा पास, मागच्या आठवड्यापासून फक्त नाकावर, आठवड्यातून दोनदा. रेटिनॉल बहिणीला देणार होते, तिला आधी हा धागा वाचायला दिला, ती म्हणाली नको.

खवचट

आणि पुरळ?

चिमणी३१

गेलं. फ्रिंज क्लिपमध्ये आहे. अर्धवट वाढलीये, भयाण दिसतेय, त्यावर काही उपाय असेल तर दुसरा धागा काढते.